गैरहजरांची हजेरी

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ६.१०

नवी वही, नवं पेन. संकल्प तीन. रोज चार ओळी लिहिणे. चिडचिड पूर्ण बंद. आणि त्या एका व्यक्तीचं नाव या वहीत येऊ न देणे. तिसरा सगळ्यात सोपा, कारण तो विषय माझ्यापुरता सहा वर्षांपूर्वीच संपला आहे.

रविवारी मंडळीने मला चर्चचा सेक्रेटरी नेमलं. एकमताने. अर्धी मंडळी ऊसतोडीला गेल्यामुळे सभेला एकोणीस माणसं होती आणि त्यांतल्या लिहिता येणाऱ्या चौघांनी आधीच नकार दिला होता, पण एकमत ते एकमत. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेची नोकरी, त्यांतली अकरा मुख्याध्यापक म्हणून. अजून सगळे गुरुजीच म्हणतात. शिस्त कशाला म्हणतात ते आता या लोकांना दिसेल.

५ जानेवारी, रविवार. दुपारी १२.३०

किळस. दुसरा शब्द नाही.

दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की आमचं चर्च ओस पडतं. कुणी कर्नाटकात, कुणी सांगलीकडे, परत येणार ते उन्हाळ्याच्या तोंडाला. मग दर रविवारी पाळक गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात. नाव पुकारलं की इथे बसलेल्यांपैकी कुणीतरी त्याच्या वतीने ‘हाय’ म्हणायचं आणि त्याच्यासाठी देवाकडे काहीतरी मागायचं. याला हे लोक मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. शाळेत याला बोगस हजेरी म्हणतात.

(१९९८च्या तपासणीला शेजारच्या वस्तीवरून आठ पोरं आणून बसवली होती ती गोष्ट वेगळी. ती शाळेच्या हितासाठी होती.)

आणि मागणं तरी काय! एकाची मूळव्याध. एकीच्या तळपायात उसाचा खुंट गेला, पू धरलाय. एकाच्या काखेत गळू. देवाच्या घरात, सतरंजीवर बसून, मोठ्याने, पू. नंतरच्या चहावर साय होती, तोही ठेवून दिला.

चौतीस नावांपैकी अकरा नावांना एकट्या छबुबाई ‘हाय’ म्हणाल्या. छबुबाई म्हणजे सत्तरीच्या विधवा, मशेरी लावून प्रार्थनेला येतात, अंगाला शेळीचा वास, सहीच्या जागी अंगठा. त्या अकरांत ते एक नावही होतं. तिच्यासाठी त्यांनी काय मागावं? सरपण. कोपीवर, म्हणजे उसाच्या फडातल्या झोपडीवर, कोरडं सरपण मिळू दे म्हणे. डी.एड. झालेल्या मुलीसाठी सरपण! मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं ते भजन सुरू होईपर्यंत वर काढलं नाही.

नाव लिहिलेलं नाही. संकल्प शाबूत.

६ जानेवारी, सोमवार. सायंकाळी ५

पाळकांकडे जाऊन आलो. पाळक विठ्ठलराव. बाप्तिस्मा घेतला तेव्हा नाव बदललं नाही; म्हणतात, देवाला ओळख पटते. माणूस साधा आहे, पण करंगळीचं नख वाढवून त्याने कान कोरतो, तेही बोलता बोलता. मी भिंतीकडे बघून बोललो.

मुद्दा स्पष्ट मांडला. देव सर्वज्ञ आहे. मग कर्नाटकातल्या माणसाचं गळू त्याला इथून कळवण्याचं कारण काय? प्रत्येकाने आपलं आपण मागावं. परीक्षेत दुसऱ्याचा पेपर लिहिला तर दोघांनाही बाहेर काढतात. पाळकांनी नेहमीची गोष्ट सांगितली, लुळ्या माणसाला चौघांनी छप्पर उकलून प्रभूपुढे खाली सोडला ती. प्रभूने त्या लुळ्याचा नाही, त्या चौघांचा विश्वास बघितला म्हणे. मी विचारलं, ते छप्पर नंतर कुणी दुरुस्त केलं? आमच्या शाळेचं छप्पर सात पावसाळे गळत होतं, या विषयात मला कुणी शिकवू नये.

घरी येऊन रूल तयार केले. गैरहजराच्या वतीने फक्त रक्ताच्या नातलगाने उत्तर द्यावे. एका नावामागे एकच विनंती. नावे आद्याक्षरांच्या क्रमाने. नावे पुकारताना जो जागेवर नाही तो गैरहजर समजावा, मग तो कोणीही असो. सासरचं नातं रक्ताचं धरू नये, हा खुलासा वेगळा जोडला. त्यात कुणाचा नवरा सिदू असेल, बारावी नापास असेल, कोयता चालवत असेल, तर त्याचा आणि या खुलाशाचा काही संबंध नाही.

लगेच पाळकांना नेऊन दाखवले, त्यांनी दोनदा वाचले. मग विचारलं की असं केलं तर उत्तर द्यायला उरतं कोण. मी म्हणालो, तेच तर दिसू द्या.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी १

रूल लागू. पहिला दिवस अपेक्षेपेक्षा चांगला गेला.

चौतीस नावं, पाच उत्तरं. बाकी शांतता. इतकी शांत प्रार्थना या चर्चमध्ये आजवर झाली नसेल. पूर्वी तासभर चालायचं ते बारा मिनिटांत आटोपलं. काही बायका रडत होत्या, पण त्या नेहमीच रडतात, पदराला नाक पुसतात आणि त्याच हाताने मुलांना खाऊ भरवतात. शिसारी येते.

अक्षराच्या क्रमामुळे ‘व’ शेवटाकडे आला. त्या नावाला छबुबाईंनी तोंड उघडलं, मी नुसतं बघितलं, त्यांनी मिटलं. मग सगळं चर्च माझ्याकडे बघत बसलं. का, ते कळलं नाही. मी चष्मा पुसला. चष्मा फार मळला होता. पाळकांनी नाव पुन्हा एकदा पुकारलं, ज्याची गरज नव्हती.

१३ जानेवारी, सोमवार

रात्रभर विचार केला. रूल करताना एक बारीक गोष्ट लक्षात आली नव्हती. माझी बायको सुंदरबाई जाऊन आता नऊ वर्षं होतील. तिच्या पश्चात त्या व्यक्तीचं इथे रक्ताचं माणूस एकच उरतं.

हा निव्वळ योगायोग आहे. रूल सर्वांना सारखा.

सकाळी छबुबाई दारात. आत घेतलं नाही, ओट्यावरच बोललो, वारा तिकडून इकडे होता. म्हणाल्या, माझं सगळ्यांशी रक्ताचं नातं आहे, मला उत्तर देऊ द्या. मी म्हणालो, वंशावळ आणा, केजच्या तहसीलचा शिक्का मारून. त्या हसल्या. मग म्हणाल्या:

“गुर्जी, ह्या वस्तीतली निम्मी लेकरं म्या बाळंत केली. तुमची पोरगी झाली तवा तुमी तालुक्याला मीटिंगला गेलते. तिचं रक्त पयलं माझ्या हातावर आलं. तुमी तर तिला तिसऱ्या दिशी बगितलं, धुवूनपुसून.”

अशी बोलणी माझ्यासमोर सकाळी साडेसात वाजता. दूध पिणार होतो, ओतून दिलं. रूलमध्ये बसत नाही म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर ओटा फिनाईलने धुतला. गुडघा थोडा धरला. तसा गुडघा उत्तम आहे.

१८ जानेवारी, शनिवार

पाळक विचारायला आले, रक्ताचा नातलग दुसऱ्या कारखान्यावर असेल तर त्याला फोन लावून उत्तर घेतलं तर चालेल का. भाऊ कर्नाटकात, बहीण बारामतीकडे, असं असतं म्हणे. मी रूल तपासले. मोबाईलला मनाई नाही. मोठ्या मनाने परवानगी दिली. माझ्यावर हट्टीपणाचा आरोप करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

उद्या त्या नावाला काय करायचं ते ठरवलं आहे. ठामपणे बसून राहायचं. मान वर, नजर समोर.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १.१५

‘र’ सुरू झाला आणि अचानक आठवलं की बाहेरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण कुणी तपासत नाही. सेक्रेटरीची जबाबदारी. रजिस्टर पाळकांकडे दिलं आणि बाहेर गेलो. बरं झालं गेलो. टाकीत शेवाळ, वर एक मेलेली पाल तरंगत होती, पोट फुगलेलं. हेच पाणी हे लोक पितात. वीस मिनिटं तिथेच उभा राहिलो. आत फोनवर कोणीतरी बोलत असल्याचा आवाज येत होता, खरखर नुसती. भजन सुरू झाल्यावर आत आलो. सगळे माझ्याकडे बघून गप्प झाले. आदर वाढतोय.

२६ जानेवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. शाळेत ध्वजवंदन. माजी मुख्याध्यापकाला निमंत्रण असतंच, या वर्षी द्यायला विसरले असावेत. मागच्या रांगेत उभा राहिलो. नवीन हेडमास्तर तोंडात काहीतरी धरून भाषण करत होता, ‘प्रजासत्ताक’ म्हणताना पहिल्या रांगेवर तुषार. किळस.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

आज ठामपणे बसणार होतो. ‘ल’पर्यंत बसलो. मग खोकला आला. खोकला खरा होता. सुरुवातीला नसेल, पण चर्चच्या बाहेर जाऊन पाच मिनिटं खोकल्यावर खरा झाला.

पाळक नंतर म्हणाले, गुरुजी, रजिस्टरमध्ये त्या नावापुढची जागा मी मोकळी ठेवतोय. रेघ मारत नाही. मी म्हणालो, मोकळी जागा ठेवणं नियमबाह्य आहे, रेघ मारा. त्यांनी मान हलवली. मारली नाही असं वाटतं. रजिस्टर मी बघितलं नाही. स्वतःच्याच सिस्टिमवर अविश्वास दाखवायचा माझा स्वभाव नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

टाकी. पाल मागच्या आठवड्यातच काढली होती, पण नजर ठेवावी लागते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४

रूलची स्पायरल बाइंडिंग करून घ्यायला केजला गेलतो. (हे ‘गेलतो’ पुसत नाही. जीपमधल्या लोकांची भाषा लागते, तासभर चिकटून बसल्यावर दुसरं काय होणार.) सोळा माणसं, एक कोंबडी. शेजारी केसरबाई, आमच्याच मंडळीतल्या. ज्वारीचं पीठ दळून चालल्या होत्या, माझी पँट पांढरी. नेकनूर मागे पडल्यावर हळूच म्हणाल्या की गुरुजी, तुमच्या पोरीचं ऐकलं का. मी तिथेच थांबवलं. म्हणालो, तो विषय माझ्यासमोर काढायचा नाही, हे मी मंडळीला सहा वर्षांपूर्वी सांगितलेलं आहे. त्या उतरेपर्यंत पदर तोंडाला लावून बसल्या. कोंबडीने माझ्या चपलेवर घाण केली.

काय ऐकायचं असणार? नोकरी सोडून फडात गेलेल्या मुलीचं ऐकण्यासारखं काय असतं? अंबाजोगाईचा शिक्षक बघितला होता तिच्यासाठी. कायम नोकरीतला. मी चिडलो नव्हतो. फक्त लग्नाला गेलो नाही आणि नंतर बोललो नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

टाकीपाशी. ऊन आता चांगलंच तापतं. सावलीचं झाड एकही नाही, हे मंडळीच्या नियोजनशून्यतेचं उदाहरण.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११

वार्षिक अहवालासाठी चर्चच्या कपाटातून रजिस्टर काढलं. उंदराच्या लेंड्या झटकल्या. कोष्टक मीच आखलेलं: गैरहजराचे नाव, उत्तर देणारा, नाते, विनंती. पाळकांचं अक्षर म्हणजे ओळीवरून चालणारी मुंगी, पण वाचता येतं.

वर्षाराणी. सगळे रविवार, तिन्ही रकाने मोकळे. रेघ मारलेली नाही.

नाव लिहिलं गेलं. असू दे.

तिच्या खाली, यादीत नसलेलं एक नाव शेवटी जोडलेलं. मोहनराव गुरुजी. आधी वाटलं, दुसरा कुणी मोहनराव असेल. दुसरा कुणी नाही. नावे पुकारताना जो जागेवर नाही तो गैरहजर, मग तो कोणीही असो. माझाच रूल, माझ्याच शब्दांत.

जसंच्या तसं उतरवतो.

१९ जाने.: वर्षाराणी, मुलगी, फोनवरून. गुडघा.
२६ जाने.: वर्षाराणी, मुलगी, फोनवरून. ध्वजवंदनाला उभं राहून चक्कर येऊ नये.
२ फेब्रु.: वर्षाराणी, मुलगी, फोनवरून. खोकला.
९ फेब्रु.: वर्षाराणी, मुलगी, फोनवरून. गुडघा.
१६ फेब्रु.: वर्षाराणी, मुलगी, फोनवरून. टाकीपाशी सावली नाही, ऊन लागू नये.

म्हणजे मी बाहेर कुठे उभा असतो हे कर्नाटकापर्यंत माहीत आहे. आणि गुडघ्याचं तिला कुणी सांगितलं? मी कुणाजवळ बोललेलो नाही.

पाळकांकडे गेलो. जाब विचारला. ते म्हणाले, रक्ताचं माणूस तुमचं एकच, त्यालाच फोन लावला. दुपारचं फडातून पळत वरच्या बांधावर येते म्हणे, तिथेच रेंज मिळते. मी विचारलं, मला का सांगितलं नाही. म्हणाले, तो विषय काढायचा नाही असा तुमचा हुकूम आहे.

रूलमध्ये दुरुस्ती करावी का? मोबाईलला मनाई?

दुपारी ३. दुरुस्ती करत नाही. ऊन लागलंय, डोळ्यांतून पाणी येतंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९

निर्णय झाला. उद्या उत्तर द्यायचं. मन वळलं म्हणून नाही, रजिस्टर अर्धवट राहणं मला सहन होत नाही म्हणून. विनंतीचा मजकूर तयार केला. चार वेळा फेअर केला. फुलस्केप दोन पानं, पाठपोट. उद्या मंडळीला कळेल की दुसऱ्यासाठी मागायचं तर कसं मागावं. गळवं आणि सरपण नव्हे. प्रस्तावना, मुख्य मुद्दा, समारोप.

मोठ्याने दोनदा वाचून बघितलं. दुसऱ्या वेळी मध्येच आवाज बसला. सुंठ चघळतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २

‘र’ला जागेवर होतो. ‘ल’ला जागेवर होतो. छबुबाई मला बघत होत्या, मशेरीचा काळा दात दिसत होता.

पाळकांनी पुकारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, हाय. फार मोठ्याने निघालं, पुढे मांडीवर झोपलेलं एक मूल दचकून उठलं. कागद उलगडला. पाळकांनी हळूच आठवण दिली की रूलप्रमाणे एका नावामागे एकच विनंती.

दोन पानांतून एक शोधायला लागलो. सुबुद्धी. पश्चात्ताप. पुन्हा शिक्षकी पेशाकडे वळणे. वडिलांविषयी आदर. पान उलटलं. मागेही तेच, जास्त चांगल्या शब्दांत. चार वेळा फेअर केलेल्या कागदावर सगळं मला हवं असलेलं होतं. तिचं एकही नव्हतं. ती कुठल्या कारखान्यावर आहे मला माहीत नाही. काय खाते, कशावर झोपते, तिला काय दुखतं, माहीत नाही. लहानपणी तिचा कान दुखायचा. तो अजून दुखतो का?

सगळे डोळे मिटून थांबले होते. किती वेळ, ते घड्याळात बघितलं नाही. कुणी खोकलं नाही. त्या मंडळीत मला कधी इतकी किळस आली नव्हती, आणि या वेळी ती त्यांची नव्हती.

शेवटी बायकांच्या बाजूला बघितलं. छबुबाईंचा एक डोळा उघडा होता. काय मागू, मी विचारलं. अख्ख्या चर्चला ऐकू गेलं असणार.

“खांदा मागा, गुर्जी,” त्या म्हणाल्या. “मोळी घिऊन ट्रकाच्या फळीवरून खाली आली ती. पंदरा दिस झाले. केसर तुम्हाला सांगायलती.”

खांदा, मी म्हणालो. प्रभू, तिचा खांदा. याच्या पुढे काही सुचलं नाही म्हणून आमेन म्हणून बसलो. गुडघा वाजला.

पंधरा दिवस म्हणजे ९ तारखेच्या आधीचं. ९ तारखेचा गुडघा आणि १६ तारखेचं ऊन तिने पडल्यानंतर मागितलं आहे, बांधावर चढून.

पाळकांनी मोकळ्या जागेत लिहिलं: मोहनराव, वडील, समक्ष. विनंती, खांदा.

डावा की उजवा, ते विचारायचं राहिलं.